ख्यालाच्या साथीत पेटीने किती बोलावं? (यमन, विलंबित एकताल, पट्टी काळी चार)

मंद्रपंचम

गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज. मैफलीत आधी यमन: विलंबित एकतालात बडा ख्याल, त्याला जोडून तीनतालात द्रुत बंदिश. शेवटी एक नाट्यपद. साथीला पेटी, तबला आणि दोन तानपुरे, त्यातला एक इलेक्ट्रॉनिक. पेटी माझ्याकडे आहे. तालमीचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर तीन गोष्टी खटकतात.

आलापीत पेटी गाण्यावर चढते. आवाज कमी केला तरी ती "पुढे" वाटते, म्हणजे प्रश्न निव्वळ आवाजाचा नसावा.

गायिका मध्य सप्तकातल्या गांधारावर थांबली की सूर डोलतो, म्हणजे लाटेसारखा कमी-जास्त होतो. मी बोट उचललं की डोल जातो. षड्ज-पंचमावर असं होत नाही.

द्रुतमध्ये तान संपून मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) पकडायच्या वेळी तबला काहीतरी भरतो, मीही भरतो, आणि मुखड्याचे पहिले शब्द ऐकूच येत नाहीत.

गायिकेचं म्हणणं एवढंच आहे की पेटी मागे हवी, पण तिने सोडून जायचं नाही. हे "मागे पण सोबत" प्रत्यक्षात कसं वाजवतात? वाद्यसंगीताच्या साथीत काय वेगळं करतात तेही जाणकारांनी सांगावं, कारण पुढे एका सतारवादकाबरोबर बसणारा तबलजीही हाच आहे.

---

खर्जातली_पेटी

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. तुमचा अंदाज बरोबर आहे, "पुढे" वाटण्याचं कारण बहुतेक वेळा आवाज नसतो. तीन जागा तपासा.

एक, स्टॉपर, म्हणजे सूर उघडायच्या-बंद करायच्या खुंट्या. तीन सुरी पेटी असेल तर साथीला खर्ज (खालचा) आणि नर (मधला) एवढेच उघडा, मादी (वरचा) पूर्ण बंद. मादी सूर गायिकेच्या आवाजाच्या वरच्या सप्तकात चमकतो. तो कितीही हळू वाजवला तरी कान आधी तिकडे जातो. कपलरही बंद, कारण तो प्रत्येक स्वराला दुसऱ्या सप्तकातली जोड लावतो. पेटीचे कायम वाजणारे ड्रोनचे सूर तर लावूच नका. समोर दोन तानपुरे असताना तिसरा, थोडा वेगळा लागलेला षड्ज कशाला?

दोन, भाता. बरेचजण हळू वाजवायचं म्हणून भाता हळू आणि लांब मारतात. मग प्रत्येक झोक्याच्या सुरुवातीला दाब वाढतो आणि सुराला धक्का बसतो. तो धक्का गाण्याच्या वजनाशी जुळत नाही, म्हणून पेटी "बोलते" असं वाटतं. भाता थोडाच उघडा, छोटे आणि सारखे झोके ठेवा, आतला दाब कधीच पूर्ण उतरू देऊ नका. आवाज कमी करायचा असेल तर दाब आणि उघडलेले सूर दोन्ही कमी करा, मात्र झोक्याची चाल बदलू नका. बोटांचंही असंच. पुढची पट्टी दाबल्यावर मग आधीची सोडायची. मध्ये फट पडली की स्वर सुटे सुटे, टाइप केल्यासारखे ऐकू येतात.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही कोणते स्वर वाजवता आणि कधी.

गायिका स्वरवाक्य सुरू करते तेव्हा पेटीने किंचित मागे राहायचं, पाव ते अर्धा सेकंद. बरोबरीने वाजवायला गेलात तर ती पुढे काय म्हणणार याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की दोन वेगळे स्वर एकदम वाजतात, आणि बरोबर आला तरी तिला मुरकी किंवा खटका घ्यायला जागा उरत नाही. उलट एक-दोन सेकंद मागे पडलात तर तो प्रतिध्वनी होतो, आणि तिच्या पुढच्या वाक्यावर तुमचं मागचं वाक्य पडतं.

यमनातली एक जागा जवळून बघा. गायिका पंचमावरून मींडेने (न तुटता घसरत) ऋषभावर येते आणि मग षड्जावर टेकते, प ~ रे, सा. पेटीवर मींड निघत नाही. मधला तीव्र मध्यम आणि गांधार एकेक करून वाजवले तर तिची सलग रेघ पायऱ्या-पायऱ्यांची होते. तिथे काय करायचं? ती पंचमावर असताना पंचम धरा. मींड सुरू झाली की पंचम सोडा आणि थांबा. ती ऋषभावर पोचली, की पोचल्यावर, ऋषभ हलका धरा. मधली मींड तिची एकटीची. पेटीने जे वाजवलं नाही त्यामुळेच ती जागा खुलते.

आता श्वासाच्या जागा. ती थांबली की पेटीने बोलायचं, पण किती? तिच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन स्वर, त्याच क्रमाने, त्याच न्यासावर (थांबायच्या स्वरावर). "नि रे ग, रे, नि रे सा" म्हणून ती थांबली तर तुम्ही "नि रे सा" म्हणा आणि षड्जावर राहा. विलंबितातला एक नियम अजिबात मोडू नका: बढत (एकेक स्वर उघडत केलेला विस्तार) चालू असताना तिने अजून उघडलेला नाही असा स्वर पेटीवर वाजता कामा नये. ती दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) गांधाराभोवती फिरते आहे, तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श करून परत येते आहे, आणि भरताना तुम्ही सहज "ग म प" वाजवलंत, तर तिने राखून ठेवलेला पंचम तुम्ही खर्च केलात. श्रोत्यांना ते शब्दांत सांगता येत नाही, पण ती पुढे खरोखर पंचमावर गेल्यावर दाद येत नाही.

तानांच्या मागे धावू नका. द्रुतमध्ये सपाट तान सुरू झाली की सुरुवातीचा स्वर धरा, तिच्या वळणाच्या जागा (तार षड्ज, पंचम) हलक्या दाखवा आणि शेवट पकडा. शेवटचे चार स्वर तिच्याबरोबर स्पष्ट आले की पूर्ण तान वाजवल्यासारखीच वाटते. पेटी वाजवणाऱ्याची बोटं कितीही तयार असली तरी तानेचे दाणे दोन ठिकाणांहून आले की दोन्ही धूसर होतात.

भीमसेन जोशींच्या मैफलींची रेकॉर्डिंगं अप्पा जळगावकरांच्या किंवा पुरुषोत्तम वालावलकरांच्या साथीची मिळतात. गाणं बाजूला ठेवून एकदा फक्त पेटीकडे लक्ष देऊन ऐका आणि ती कुठे *नाही* ते वहीत टिपा. शिकवणीत महिनाभर कळत नाही ते एका आवर्तनात कळतं.

---

जोडतार

गांधाराच्या डोलाबद्दल.

आधी एक चाचणी. पेटीचा फक्त नर सूर उघडा, खर्जही बंद. तानपुरा चालू ठेवून सा, प, ग असे एकेक दहा सेकंद धरा. सा-वरही डोल आला तर तानपुरा पेटीला नीट लागलेला नाही. फक्त ग-वर आला तर ती पेटीच्या बांधणीतली गोष्ट आहे. खर्ज उघडल्यावरच डोल येत असेल तर पेटीचे खर्ज आणि नर एकमेकांना लागलेले नाहीत, आणि ते कारागिराचं काम आहे. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो.

त्याचं कारण असं. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग असतात, प्रत्येकी १०० सेंट. त्यामुळे पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. तो एका सप्तकात आणून मोजला तर ३८६ सेंटवर. चांगली गायिका साहजिकच तानपुऱ्याच्या गांधाराला मिळते, पेटीच्या नाही. १४ सेंटचा फरक कागदावर लहान दिसतो, पण काळी चारचा मध्य षड्ज साधारण २०७.७ हर्ट्झ धरला तर गायिकेचा गांधार येतो सुमारे २५९.६ वर आणि पेटीचा २६१.६ वर. दोन हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला दोन डोल. तार गांधारावर चार. यमनात गांधार वादी (मुख्य स्वर), न्यास तिथेच, म्हणून हे तुम्हाला सारखं ऐकू येतं. पंचमाचा फरक जेमतेम २ सेंट, त्यामुळे तो जाणवत नाही.

शुद्ध निषादही असाच, १०८८ विरुद्ध ११००. म्हणजे यमनाचे वादी आणि संवादी (दुसरा मुख्य स्वर) हे दोन्ही स्वर पेटीवर चढे लागतात. कोमल स्वरांत हे उलटं होतं: षड्जाच्या ६/५ पट कंपनांचा कोमल गांधार ३१६ सेंटवर, पेटीचा ३०० वर, म्हणजे उतरा.

उपाय साधा आहे. ती गांधारावर लांब थांबली की तिथे *जाईपर्यंत* सोबत करा, गांधाराला स्पर्श करा आणि बोट उचला. त्याऐवजी मंद्र षड्ज अगदी हलका धरा. गांधार तानपुरा सांभाळतो. तुम्ही बोट उचलल्यावर डोल जातो हे तुम्हीच लिहिलं आहे, ते तिथे मुद्दाम करायचं. गांधारावरून जाता जाता, म्हणजे आलापीच्या चालत्या भागात, हा फरक कोणाला ऐकू येत नाही, तेव्हा तिथे वाजवायला हरकत नाही.

दरबारीसारख्या रागात तर कोमल गांधारावर बोट ठेवून बसूच नये. तो पेटीच्या गांधारापेक्षा उतरा आणि आंदोलित असतो. मध्यमावरून त्याला ओझरता स्पर्श करून पुन्हा मध्यमावरून ऋषभावर यावं. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यामागे जे आक्षेप होते त्यात हा अचल स्वरांचा आणि मींडेचा आक्षेप मुख्य होता. तो खोटा नव्हता. पण पेटी कुठे सोडायची हे कळणाऱ्या हातात तो फारसा उरत नाही.

लावण्याचा क्रम: आधी पेटीचा षड्ज, त्याला तानपुरा, तानपुऱ्याला तबला. पेटी जागेवर लावता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून. सगळ्याच पेट्या ४४० च्या मापाला असतात असं नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर नुसतं "काळी चार" लावून भागत नाही. त्याचा बारीक फिरवायचा खटका फिरवून पेटीच्या षड्जाशी डोल बंद होईपर्यंत आणा. मग खरा तानपुरा: दोन्ही जोडाच्या तारा (मधल्या, षड्जाच्या) आधी, मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटीने जवळ आणून उरलेलं मण्याने. मग जीव (तारेखालचा दोरा) सरकवून जवारी (तारेची झणझण) उघडा. जवारी बंद असेल तर स्वयंभू गांधार ऐकूच येणार नाही, आणि वरचा सगळा उपाय त्याच्यावर टेकलेला आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आवाज खऱ्यापेक्षा कमी ठेवा.

काही गायक यमनाला पंचमाऐवजी निषादाची तार लावतात. गायिकेला विचारून ठरवा. तशी लावलीत तर ती तार पेटीच्या निषादाशी जुळवू नका, जोडाशी जुळवा.

---

धागेतिरकिट

तबल्याकडून.

पट्टी काळी चार असेल तर तबलजीला आधी विचारा, तोंड किती इंचाचं आणतोय. या पट्टीला षड्जात लावायचा तर सहा-सव्वासहा इंच तोंडाचा ढाला (खालच्या सुराचा) तबला लागतो. बऱ्याच जणांकडे सव्वापाच इंची असतो, तो काळी एकच्या आसपास चांगला बोलतो. काळी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे नेमकी काळी एक, म्हणून अनेकजण सरळ मध्यमात लावून मोकळे होतात. यमनात हे चालणार नाही. रागात शुद्ध मध्यम नाही, आणि चाटेवरचा (कडेवरचा) प्रत्येक "ना" तो मध्यम ऐकवत राहणार. लहान तबलाच असेल तर पंचमात, म्हणजे काळी दोनला लावा. मोठा तबला षड्जात हे सगळ्यात चांगलं.

लावताना एका घरावरून सुरू करून समोरासमोरची घरं घ्या. मोठा फरक गठ्ठ्यांवर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर), बारीक फरक गजऱ्यावर (तोंडाच्या विणलेल्या कडेवर) हातोडीने. एसी आणि दिव्यांखाली चामडं सुकून चढतं, पावसाळी दमट हवेत उतरतं. म्हणून ग्रीनरूममध्ये लावलेल्या तबल्यावर विसंबू नका. मंचावर वीस मिनिटं ठेवून पुन्हा लावा, आणि विलंबित संपून द्रुत सुरू होण्यापूर्वी एकदा कान देऊन बघा.

विलंबित एकताल: धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धीं ना. मात्रा १५ च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १५ मात्रा, धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं. एवढ्या लांब आवर्तनात गायिका मात्रा मोजत बसत नाही, ती ठेक्याच्या (तालाच्या ठरलेल्या बोलांच्या) खुणा ऐकते. दोन "तिरकिट" आहेत, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. दहाव्या मात्रेवरचं तिरकिट ऐकून ती आलाप आवरते आणि अकराव्या-बाराव्याच्या आसपास मुखडा उचलते. म्हणून ते तिरकिट स्वच्छ, पूर्ण आणि नेहमीच्या वजनाचं वाजलं पाहिजे. तिथे भरणा करून ते झाकलं की गायिकेची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हुकते, आणि श्रोत्यांना दोष तिचा वाटतो.

मग भरायचं कुठे? दोन मात्रांमधली पोकळी डग्ग्याच्या घुमाऱ्याने आणि हलक्या बोलांनी भरता येते, ती पोकळी रिकामी ठेवली तर लय लटकते. पण नवव्यापासून समेपर्यंत ठेका नुसता ठेकाच. समेनंतर गायिका थांबून जागा देईल तेव्हा छोटा तुकडा, तोही एखाद-दुसऱ्या मात्रेचा. बड्या ख्यालात तिने मागितल्याशिवाय तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) नको.

लय चढणं हा दुसरा दोष. १५ ची लय न कळत १८ झाली तर आवर्तन ४८ वरून ४० सेकंदांवर येतं. आठ सेकंद म्हणजे एक आख्खं स्वरवाक्य. गायिका मग वाक्य कापते किंवा मुखड्यावर धावत येते. रेकॉर्डिंगमधलं दुसरं आवर्तन आणि शेवटून दुसरं आवर्तन घड्याळ लावून मोजा. गायिकेने मुद्दाम लय वाढवली नसताना फरक तीन-चार सेकंदांहून जास्त असेल तर भरणा कमी करा, कारण लय चढते ती सहसा भरण्याच्या जागीच.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवून ठेवण्यात आहे. तान आणि मुखडा यांच्यामध्ये जी जागा असते ती एका वेळी एकाचीच. तान थेट मुखड्याला जोडून येत असेल तर जागाच नाही, दोघांनीही गप्प राहायचं: तबल्यावर ठेका, पेटीवर मुखड्याचा पहिला स्वर. तान आधी संपून दोन-चार मात्रा उरत असतील तर त्या तबल्याच्या, आणि पेटीने त्या वेळात फक्त न्यासाचा स्वर धरायचा. गायिका मुखडाच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली तर समजा की तबल्याला बोलावणं आहे. तेव्हा पेटीने मुखडा तिच्याबरोबर सरळ, अलंकाराशिवाय वाजवायचा आणि तबल्याने त्यावर हात मोकळा करायचा.

---

मंद्रपंचम

खूप नेमकं मिळालं. मादी बंद करून आणि गांधारावरून बोट उचलून आज वाजवून पाहिलं, डोल गेला. जोडतार, फक्त नर सूर ठेवून केलेल्या चाचणीत षड्ज-पंचम स्वच्छ होते, त्यामुळे तुमचा दुसरा प्रकारच निघाला.

दोन उपप्रश्न. पेटी गांधारासाठी कारागिराकडून उतरवून घेतली तर? आणि नाट्यपदाला हेच नियम की वेगळे?

---

जोडतार

उतरवून घेता येते. सुरी (आतली कंप पावणारी धातूची पाती) घासून स्वर बदलतात, टोकाशी घासली की चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पण मग ती पेटी एकाच पट्टीची होते. काळी चारचा गांधार म्हणजे पांढरी एकचा स्वर. तो १४ सेंट उतरवला तर पांढरी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्जच उतरला. एकाच गायिकेबरोबर, एकाच पट्टीत वर्षानुवर्षं वाजवणार असाल तर खुशाल करा, फरक सुंदर पडतो.

स्केलचेंजरनेही (पट्टी सरकवता येणाऱ्या पेटीनेही) हा प्रश्न सुटत नाही. तिथे पट्ट्यांचा संच सरकतो, सूर आपल्या जागीच असतात. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची संवादिनी केली आहे, तिच्यात षड्ज-पंचम सोडून प्रत्येक स्वराच्या दोन श्रुतींपैकी हवी ती निवडता येते. पण ती निवड राग सुरू होण्यापूर्वी करून ठेवायची असते, मींड त्यातूनही निघत नाही.

---

खर्जातली_पेटी

उतरवण्याच्या बाबतीत मी जोडतार यांच्याइतका उत्साही नाही. एकदा उतरवलेली पेटी परत चढवताना सुरीचं आणखी पान जातं. मैफलीत गायिकेचा गळा त्या दिवशी बसलेला असला आणि ती अर्धी पट्टी खाली, पांढरी पाचला गायली, की तुमचे उतरवलेले स्वर भलत्याच जागी येतात. बोट उचलणं फुकटचं आणि भरवशाचं आहे.

नाट्यपदाचे नियम बरेच वेगळे. ख्यालात पेटी सावली असते, नाट्यपदात तिला स्वतःचं काम आहे. सुरुवातीला मुखड्याची ओळ पेटी वाजवते, त्यातून राग, लय आणि गायिकेला उचलायचा स्वर हे तिन्ही मिळतात. रंगभूमीवर हे काम पायपेटीने, म्हणजे ऑर्गनने केलं. तिचा भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून एका हाताने चाल आणि दुसऱ्याने खालचा षड्ज-पंचम असं भरदार वाजवता यायचं. गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) ऑर्गनबरोबर कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवांचा तबला होता. सारंगी मींडेने गाण्याला चिकटून राहायची, ऑर्गन खालून आधार द्यायचा. आता तुमच्या एका पेटीला ही दोन्ही कामं आलटून पालटून करायची आहेत: गायिका गात असताना सारंगीसारखं मागोमाग, ओळ संपली की ऑर्गनसारखं भरून.

ओळीच्या शेवटी भरताना दोन टोकं पक्की करा. गायिकेने जो स्वर सोडला तिथून भरणा सुरू, आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या स्वरावर तो एक मात्रा आधी संपलेला. मधे काय वाजवता ते पदाच्या चालीतलंच असू दे. धुमाळी किंवा केरव्यात चार मात्रांची जागा मिळते, त्यात तीन मात्रा वाजवा, चौथी मोकळी. त्या मोकळ्या मात्रेत तिला श्वास घेता येतो. इथे मादी सूर अर्धा उघडला तरी शोभतो, मात्र फक्त भरण्यापुरता.

पदात ती तानांत किंवा आलापीत शिरली की पुन्हा ख्यालाचे नियम लागू. हा बदल पटकन करता आला पाहिजे.

आणि कीबोर्डवाला कोणी असेल तर त्याला आधीच सांगा: यमनातल्या पदाला कॉर्ड देताना शुद्ध मध्यम असलेली एकही नको. काळी चारला षड्ज धरून नेहमीची तीन कॉर्डची वाट चालायची सवय असते, त्यातली मध्यमावरची कॉर्ड म्हणजे काळी एकची मेजर. ती वाजली की यमन संपला. षड्ज-पंचमाची पोकळ जोडी सगळ्यात सुरक्षित, फार तर ऋषभावरची मेजर, कारण तिच्यात रे, तीव्र म, ध येतात.

---

चिकारी

सतारीच्या साथीबद्दल विचारलं होतं म्हणून.

सतार-सरोदबरोबर सहसा पेटी नसते. चिकारीच्या (बाजूच्या) तारा आणि तरफा (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) षड्ज धरून ठेवतात, आणि चार-पाच स्वरांची मींड एकाच पडद्यावर निघत असताना शेजारी अचल स्वरांचं वाद्य नको असतं. आलाप, जोड, झाला एवढा भाग तबल्याशिवाय. त्यामुळे तबलजीला अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं, आणि तेवढ्या वेळात तबल्याचा सूर हलतो. गत (तालात बांधलेली वाद्याची बंदिश) सुरू व्हायच्या आधी पुन्हा जुळवायला लाजू नये, तेवढी पंधरा सेकंद सगळे देतात.

ख्यालात शब्द असतात, मुखडा ओळखता येतो. सतारीत ते काम मिझराबाच्या (तार छेडायच्या नखीच्या) बोलांनी करायचं असतं. मसीतखानी गत विलंबित तीनतालात बाराव्या मात्रेवरून उठते: दिर दा दिर दा रा, आणि मग समेवर दा दा रा. समेची जागा दुसऱ्या गटाच्या पहिल्या "दा"वर. तबलजीने हा साचा पाठ करून ठेवावा. एकदा ऐकून सम ओळखली की "उठाण" (सुरुवातीचा जोरकस तुकडा) घेऊन ठेक्यावर यावं.

खरा फरक पुढे आहे. ख्यालात तबला जवळजवळ सगळा वेळ ठेका धरतो आणि गाणं चालतं. गतीत ही कामं अदलाबदल होतात. दोन-चार आवर्तनं सतार विस्तार करते, तबला धरतो. मग सतार गत धरते आणि तबला कायदा, रेला, गत-तुकडे (तबल्याच्या स्वतंत्र रचना) वाजवतो. त्या वेळी सतारवादकाने गत आहे तशी, एकही जास्तीची मींड न घेता वाजवायची. नेमकं इथेच बिघडतं: तबला चांगला रंगला की सतारवादकाचा हातही शिवशिवतो, तो गतीत खेळ सुरू करतो, आणि मग आवर्तन धरून ठेवणारा कोणीच उरत नाही. धागेतिरकिट यांनी मुखड्याच्या जागेबद्दल जे लिहिलं तोच हिशेब आहे, फक्त आवर्तनाच्या मापाने.

पेटीवाल्यांसाठी यातूनच एक रियाज निघतो. तबला सोलोचा नगमा (तबल्यामागे सतत फिरणारी ओळ) वाजवा. तीनताल, १६ मात्रांची एकच ओळ, चंद्रकंसातली किंवा तुम्हाला सोपी वाटेल ती, मेट्रोनोम ६० वर, वीस मिनिटं. एकही स्वर बदलायचा नाही, भात्याचा झोका बदलायचा नाही, सम प्रत्येक वेळी त्याच वजनाची. मग तबलजीला वर काहीही वाजवायला सांगा, आडलयीसकट, आणि आपली ओळ हलू देऊ नका. द्रुत बंदिशीत गायिका मुखडा धरून तबल्याला जागा देते तेव्हा पेटीला नेमकं हेच करायचं असतं.

---

मंद्रपंचम

नगमा उद्यापासून. मांडणीबद्दल एक राहिलं: मॉनिटरमध्ये (कलाकारांसाठीच्या मंचावरच्या स्पीकरमध्ये) काय ठेवायचं? गायिका म्हणते तिला मंचावर पेटीच जास्त ऐकू येते.

---

जोडतार

पेटी सहसा गायिकेच्या डाव्या हाताला असते, तबला उजव्या हाताला, म्हणजे तुमची पेटी तिच्या कानापासून हातभरच लांब. तिच्या मॉनिटरमध्ये पेटी अजिबात घेऊ नका. तिचा स्वतःचा आवाज, तानपुरा आणि तबल्याचा थोडा "ना", बस. पेटीचं तोंड तिच्याकडे न ठेवता थोडं प्रेक्षकांकडे फिरवा. पेटीचा माइक सुरांच्या बाजूने सात-आठ इंचांवर, भात्यासमोर नको, नाहीतर हवेचा सुस्कारा येतो. खऱ्या तानपुऱ्याला स्वतंत्र माइक मिळाला तर भोपळ्यापासून चार-सहा इंचांवर, घोडीच्या रोखाने.

तुमच्या मॉनिटरमध्ये मात्र गायिका सगळ्यांपेक्षा मोठी. तिचा श्वास ऐकू आला नाही तर पाव सेकंद मागे राहणं जमणार नाही. आवाज बघताना साउंडवाल्याला द्रुत बंदिश ऐकवू नका, विलंबिताचा मुखडा आणि गांधारावरचा एक न्यास ऐकवा. पातळी तिथे ठरवा आणि नंतर त्याला पेटीचा फेडर वर न्यायला मनाई करा.